पालीचे गाठविरघळे महाराज आणि हौसाची बकरी

"विरघळली!" पडद्याआडून माताजी ओरडल्या की मांडवातली गर्दी "जय हो!" करून अशी उसळायची की बाहेर बांधलेले बैल दावं ओढायचे. शहाऐंशी सालचा उन्हाळा. कोल्हापूरच्या एसटीतून एक दिवस घनानंद महाराज सपत्नीक पालीला उतरले, आणि पंधरवड्यात पालीचा बाजार आंबा विसरून अंगाऱ्याच्या गोष्टी करू लागला.

महाराज बायकांच्या छातीतली गाठ विरघळवत. चाकू नाही, सुई नाही. पडद्याआड माताजी गाठ चाचपायच्या, पडद्याबाहेर महाराज बोलायचे. आणि काय बोलायचे!

"माते! गाठ म्हणजे काय? गाठ म्हणजे गतजन्मीचा राग! तो साकळतो, साकळतो, लिंबाएवढा होतो. त्यात तुम्ही खाता बांगडा! बांगड्याची गरमी वर चढते आणि राग शिजतो!"

यावर पुरुषमंडळीही माना डोलवायची. घरी बांगडा बंद झाल्यावर त्यांची तोंडं उतरली ती गोष्ट वेगळी. कोळणी तर महाराजांचं नाव काढलं की थुंकायच्या.

नियम सोपे होते. अंगाऱ्याची पुडी दंडाला बांधायची. मासळी वर्ज्य. रोज साजूक तुपातला शिरा. कावळा शिवला की पुडी उतरवून ठेवायची, कारण अंगाऱ्याला विटाळ चालत नाही. बाजूला बसण्याचे दिवस संपले की पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन दर्शनाला यायचं. बाई यायची, माताजी चाचपायच्या, आणि "विरघळली!"

मी सावित्री, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. हळदीत चुना घालून केलेलं 'रक्त' असतं तर एका तासात महाराजांना परत एसटीत बसवलं असतं. पण इथे माझी पंचाईत झाली होती. गाठी खरंच जात होत्या! शेजारच्या हौसाची गेली, सोनूबाईची गेली. बायका माझ्याकडे बघून हसायच्या, "काय बाई, आता काय सांगता?" मी काय सांगणार, कप्पाळ!

हसून सोडून दिलं असतं, पण आमच्या घरात येसूआते होती. माझ्या नवऱ्याची विधवा आत्या, साठीला टेकलेली, तोंडाची तिखट आणि मनाची मऊ. तिच्या डाव्या छातीत चिंचोक्यासारखी टणक गाठ होती. दोन वेळा अंगारा बांधून झाला, गाठ हलली नाही. महाराजांनी भर मांडवात बोट रोखलं, "चोरून मासळी खाल्लीत!"

आणि गंमत अशी की आतेने खाल्ली होती. बोटभर सुकटीची चटणी.

"माजाच पाप गो," ती मला म्हणाली. "चटनी खाल्लंय मी."

"आते, चटणीने गाठ होत नाही. उद्या रत्नागिरीला डॉक्टरकडे जाऊ."

"आनी एक म्हैना थांब. ह्या टायमाला सुकटीचा वासपन घेनार नाय."

मला रागाने रडू आलं. असा एकेक महिना फुकट घालवायला तिच्याकडे होता कुठे?

त्याच संध्याकाळी हौसा मागच्या दाराने आली. तिचा नवरा मुंबईला, घरात ती आणि एक बकरी. पदर तोंडावर धरून ती हसत होती की रडत होती ते कळेना.

"बाई, कुनाला सांगू नका. ती पुडी मी कधी बांदलीच नाय."

"म्हणजे?"

"घरी आनली, वळचनीला ठेवली, नि बकरीन् खाल्लान. कागदासकट! भ्याले, गप ऱ्हायले. तरीपन गाठ गेली."

"मग बकरीची गाठ गेली की तुझी?"

आम्ही दोघी चुलीपुढे पोट धरून हसलो. हसता हसता हौसा एकदम थांबली. "पन बाई, आता परत आलीय. मागल्या म्हैन्यासारखीच. आता चार-पाच दिवसांत कावळा शिवंल ना, तवाच येते बगा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी रत्नागिरीला डॉक्टर विमलाबाईंकडे गेले. ही जाडजूड चष्म्याची बाई सगळं ऐकून टेबलावर हात आपटून हसली.

"अहो, तो महाराज नाही, कॅलेंडर आहे! पाळीच्या आधी अंडाशयातली संप्रेरकं, म्हणजे हॉर्मोन्स, वाढलेली असतात. त्यांनी छाती भरते, दुखते, गाठीगाठी लागतात. पाळी येऊन गेली की ओसरतं. तो गाठ चाचपायला लावतो आधी, परत बोलावतो नंतर. मध्ये अंगारा बांधा नाहीतर एसटीचं तिकीट बांधा!"

"आणि कुणाला हे सुचलं कसं नाही?"

"सुचेल कसं? त्या चार दिवसांबद्दल बोलायचंच नाही, हा आपला रिवाज." मग त्यांचं हसू गेलं. "पण ज्या बाईची पाळी थांबली आहे, तिची गाठ अशी येत-जात नसते. तुमच्या आतेला उद्या आणा. परवा नाही, उद्या."

आते ऐकेना. दुसऱ्या दिवशी ती मांडवातच जाऊन बसली. मग मीही गेले. महाराज तिला पुन्हा पुडी देणार, तेवढ्यात मी उभी राहिले. 

"महाराज, एक विचारते. ज्यांची गाठ गेली त्या बायांनो, हात वर करा. आता तुमच्यातली कुणाची पाळी थांबली असेल तर हात खाली."

मांडवातले पुरुष आपापली पायताणं न्याहाळू लागले. एक हात खाली येईना.

"आता ज्यांची गाठ गेली नाही त्या. तुमच्यातली कोण अजून बाजूला बसते?"

कुणीच नाही. सगळ्या आतेच्याच वयाच्या.

"अपवित्र भाषा!" महाराज गरजले. "अंगाऱ्याची शक्ती..."

"अंगारा बकरीन् खाल्लान!" हौसा उठून ओरडली. "माजी गाठ तरी गेली, नि आता परत आलीय! बगा चाचपून!"

हशाचा असा लोंढा उठला की मांडवाचा खांब हलला. "बकरी पुण्यवान असेल," महाराज चाचरत म्हणाले, आणि त्यावर तर म्हातारे पोट धरून जमिनीवर बसले. तेवढ्यात पडदा फाटकन बाजूला झाला. माताजी लालबुंद होऊन नवऱ्यावर कडाडल्या, "तरी मी सांगत होते, म्हाताऱ्या घेऊ नका म्हणून!"

संपलं. बाजारच्या कोळणींनी दोघांना कोल्हापूरच्या गाडीपर्यंत स्वतः पोचवलं, आणि वाटेत काय काय ऐकवलं ते लिहिण्याजोगं नाही.

आते मात्र हसली नव्हती. "म्हंजे चटनीन् झाला नाय?" एवढंच तिने विचारलं. "नाही गं आते," म्हटल्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली.

तो कर्करोगच होता. मुंबईला मोठं ऑपरेशन झालं. "दोन महिने आधी आला असतात तर कमी कापावं लागलं असतं," तिथले डॉक्टर म्हणाले, आणि महाराजांना अजूनही मी त्यासाठी माफ केलेलं नाही.

पुढे विमलाबाई पालीला आल्या, त्याच मांडवाच्या जागी बायकांशी बोलल्या. या रोगाशी आहाराचा संबंध आहे, त्यांनी सांगितलं, पण महाराज म्हणाला तसा नाही. पाळी थांबल्यावर अंगातली चरबीही अंडाशयासारखंच संप्रेरक बनवते आणि त्याने या रोगाचा धोका वाढतो, म्हणून वजन फार वाढू देऊ नये. रोजचा तुपातला शिरा औषध नव्हे. भाजीपाला खावा, दारूपासून लांब राहावं, चालावं. मासळी खुशाल खावी. याने धोका कमी होतो, टळतोच असं नाही. हडकुळ्या, पथ्याने राहणाऱ्या बाईलाही हा रोग होतो, आणि तो कुणाच्या पापाने होत नाही. येणारी-जाणारी गाठसुद्धा एकदा दाखवावी, आणि न जाणारी तर लगेच.

शेवटी आते उठली. एका बाजूला सपाट झालेलं पोलकं तिने पदराने झाकलं नाही.

"लाज वाटली नि अंगारा बांदून बसले, त्यात मी दोन म्हैने घालवले," ती म्हणाली. "तुमी घालवू नका. न्हाताना हात लावून बगा, आनी काय लागला तर दुसऱ्या दिवशी गाडी पकडा."

पुढच्या सकाळी रत्नागिरीच्या गाडीत आमच्या पालीच्या सात बायका बसल्या होत्या.