भुंग्याची खोली

दिवसभर लोकांच्या लघवीच्या बाटल्या हाताळायच्या आणि घरी येऊन पुन्हा तेच, असं माझं तेव्हा चाललं होतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिथे निदान बाटलीवर नाव असतं, वेळ असते आणि झाकण घट्ट असतं. घरी भुंगा होता, आणि तो कुठेही, केव्हाही, कोणाच्याही वस्तूवर करायचा.

भुंगा म्हणजे सासऱ्यांचं कुत्रं. खरं तर सासूबाईंचं. दोन महिन्यांचं ते काळं पिल्लू त्यांनी कुठून तरी उचलून आणलं, आणि पहिल्याच दिवशी त्याने खुर्चीचा पाय पोखरायला घेतला म्हणून त्याचं नाव भुंगा ठेवलं. अकराव्या दिवशी त्या आजारी पडल्या, दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. पुढचे चार महिने बाबा, म्हणजे सासरे, त्या घरात कुत्र्याबरोबर एकटेच राहिले. मग आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाबा जन्मभर सुतारकाम केलेले. येताना हत्यारांची पेटी आणि भुंगा, एवढंच सामान त्यांच्याबरोबर होतं.

तिकडे अंगण होतं, त्यामुळे भुंग्याला कोणी काही शिकवलंच नव्हतं. इथे आल्यावर त्याने गादीचा कापूस काढला, टीव्हीची वायर तोडली, स्वयंपाकघराच्या चौकटीला खालून नक्षी केली. चपलांच्या बाबतीत तो फार शिस्तीचा होता. प्रत्येक जोडातली एकच खायचा, त्यामुळे दुसरी फेकवतही नसे. मी कामावरून आले की आधी फरशी पुसायची आणि मग पर्स ठेवायची. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की बाबा फडकं माझ्या हातातून घेऊन गुपचूप पुसायला बसत, आणि मग मला स्वतःचीच लाज वाटायची.

शेवटी पाळी गणिताच्या पेपरांवर आली. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. सहामाहीचे बत्तीस पेपर त्याने जमिनीवर गठ्ठा करून ठेवले होते, आणि भुंग्याला तीच जागा पसंत पडली. दोन दिवस आमच्या गॅलरीत दोरीवर चिमटे लावून पेपर वाळत होते. माझा नवरा आवाज चढवत नाही, ती त्याची पद्धतच नाही. त्याने जेवताना शांतपणे सांगितलं, की महिनाभर बघू. नाही सुधारला तर चित्रकलेच्या सरांचं गावाबाहेर घर आहे, मोठं आवार आहे, ते न्यायला तयार आहेत. शेवटच्या रविवारी त्यांनी आपल्याला जेवायला बोलावलंय, तेव्हा काय ते ठरवून टाकू.

बाबा "बरं" म्हणाले आणि ताटातलं सगळं संपवून उठले. इतके दिवस ते कुत्रं जावं म्हणून मीच देव पाण्यात घालून बसले होते. पण त्या "बरं"नंतर मलाच ते जाऊ नये असं वाटायला लागलं. सासूबाईंनी घरात आणलेली ती शेवटची गोष्ट होती, आणि ती जाऊ देण्याचीही बाबांची तयारी होती, फक्त आमची अडचण नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा काढली आणि बाबा आणि भुंगा, दोघांना जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, बोलायला फटकळ. त्या म्हणाल्या, कुत्र्यात काही खोट नाही, त्याला घरात मोकळं सोडायची तुम्ही घाई केलीत. त्याला पिंजरा करा. तिथेच खायला द्या, तिथेच झोपू द्या, आधी दार उघडं ठेवून, मग पाच मिनिटं लावून, मग दहा. कुत्रं झोपायच्या जागी घाण करत नाही, त्यामुळे धरून ठेवायला शिकतं. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि पिंजऱ्यातून काढल्यावर सरळ खाली झाडापाशी न्यायचं. आत असताना रडलं तर दार उघडायचं नाही, गप्प झालं की उघडायचं. आणि मारायचं तर अजिबात नाही.

बाबांना पिंजरा हा शब्दच आवडला नाही. ते खोली म्हणायला लागले. चार दिवस गॅलरीत रंधा आणि करवत चालू होती. पाचव्या दिवशी जे उभं राहिलं ते बघून मी कपाळावर हात मारला. सागवानी गज, कोपरे गोल घासलेले, पितळी कडी, वर पॉलिश. आत मी पाय पसरून झोपले असते. बाबांनी आयुष्यभर कपाट असो की दार, माप सैलच घेतलेलं. लाकूड नंतर कापता येतं, जोडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. भुंगा मोठा झाल्यावर केवढा होईल ते धरून त्यांनी खोली बांधली होती, आणि वर चार बोटं जास्त.

भुंग्याने त्या राजवाड्याची लगेच वाटणी केली. एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला उरकायचं. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या हसायलाच लागल्या. उभं राहता यावं, वळता यावं, पसरता यावं, इतकीच जागा हवी, त्याहून जास्त दिली की कोपरा संडासाचा होतो. मग पटाशी घेऊन बाबांनी आतून दोन्ही बाजूंना खाचा पाडल्या आणि मधे सरकती फळी बसवली. कुत्रं वाढेल तशी एकेक खाच मागे न्यायची. एवढी सुबक युक्ती, पण ती सांगताना त्यांचा चेहरा पडलेला होता.

मीही माझ्या परीने हातभार लावला. फरशी फिनाइलने पुसणं बंद केलं, कारण माणसाला वास गेल्यासारखा वाटला तरी कुत्र्याला जातच नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यांनी दिलेलं औषध टाकून पुसायला लागले. आणि लॅबची सवय म्हणून एक वही घातली. भुंगा किती वाजता उठला, प्यायला, खाली केव्हा नेला, काय केलं, खोलीत किती वेळ बंद, गप्प होता का. मी सकाळी निघायचे ती संध्याकाळी यायचे, त्यामुळे दिवसाच्या नोंदी बाबांकडे. सुतारी पेन्सिलीने ते सावकाश, टपोऱ्या अक्षरात लिहीत.

दोन आठवडे वही सुंदर चालली. बंद: वीस मिनिटं, गप्प. बंद: चाळीस मिनिटं, गप्प. बंद: एक तास, गप्प. आणि तरीही संध्याकाळी फरशी ओली, आणि बाबांच्या पायजम्याचे गुडघेही. मी पंधरा वर्षं रीडिंगं बघतेय. खऱ्या नोंदी कधी इतक्या सरळ नसतात. सत्तावीस मिनिटं असतात, एकदा तेहतीस, मधेच एखादी खाडाखोड. ज्याने मशीनला हात न लावता रकाना भरलाय त्याचेच आकडे असे गोल येतात. नव्या मुलींच्या अशा चुका मी लांबून ओळखते. इथे मात्र मी मूग गिळून बसले, कारण सासऱ्यांना खोटं लिहिलंत असं कसं म्हणणार?

मग एक दिवस लॅबमधलं मोठं मशीन बंद पडलं आणि मी दुपारीच घरी आले. दार उघडलं तर बाबा भुंग्याच्या खोलीसमोर जमिनीवर बसलेले, तिचं दार सताड उघडं, आणि भुंगा त्यांच्या मांडीत डोकं खुपसून झोपलेला. वही शेजारी होती. त्यात त्या वेळेसाठी लिहून ठेवलं होतं: बंद, दीड तास, गप्प.

मला संताप आला होता, खोटं कशाला बोलू. महिना संपायला नऊ दिवस उरले होते. पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पर्स ठेवली आणि त्यांच्या शेजारी खाली बसले. कुत्रं जाईल हो बाबा, एवढंच मी म्हटलं.

"माझ्याच्याने नाही होत," बाबा म्हणाले. "कडी लावली की तो कुंई करतो. एकदाच करतो, फार नाही. पण मला नाही ऐकवत."

भुंग्याच्या कानामागे त्यांची बोटं फिरत होती.

"ती दवाखान्यात रोज म्हणायची, मला घरी न्या. मी म्हणायचो, डॉक्टर सोडतील तेव्हा नेतो. अजून दोन दिवस. अजून दोन दिवस. मी निघालो की दाराकडे बघत पडायची. हाक नाही मारायची, बघायची नुसती. नऊ दिवस मी तिला तिथे ठेवलं. आता ह्याला आत घालून, रडतोय तरी दार उघडायचं नाही म्हणता. कसं जमायचं, सांग तू."

आम्ही सगळेच तिथे होतो, डॉक्टरांच्या मताने वागलो, घरी आणून काही वेगळं झालं नसतं. हे सगळं मला म्हणता आलं असतं. पण ते त्यांनाही माहीत होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. मग जे सुचलं ते मी बोलले.

"बाबा, उद्यापासून कडी मी लावणार. तुम्ही फक्त उघडायचं."

मी दुपारची पाळी मागून घेतली. सकाळी भुंग्याचं खाणं खोलीत ठेवायचे, तो आत गेला की कडी लावायचे. बाबा तेव्हा जिन्यात जाऊन उभे राहत. भुंगा रडायचा, मी भांडी घासत राहायचे. तो गप्प झाला, अगदी एक श्वास घेण्यापुरता जरी, की मी दारातून बाबांना खूण करायचे. मग ते आत येऊन कडी काढत आणि त्याला कडेवर घेऊन तीन जिने उतरत. वही मी लिहायचे. पहिल्या दिवशी: चार मिनिटं, रडला. सहा मिनिटं, रडला, मग गप्प. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी त्याने पायपुसण्याचा फडशा पाडला आणि मी त्याचा उद्धार केला. पाचव्या दिवशी सदतीस मिनिटं, आणि बाबा जिन्यात नव्हते. ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, माझ्यासारखंच त्याचं रडणं ऐकत होते.

सहाव्या दिवशी फरशी कोरडी होती, सातव्याही. आठव्या दिवशी भुंगा न सांगता आत जाऊन झोपला. पण तासाच्या वर त्याला आम्ही कधी ठेवलं नव्हतं, आणि रिकाम्या घरात तर कधीच नाही.

रविवार उजाडला. चित्रकलेच्या सरांकडे जाऊन यायचं म्हणजे तीन तास. नवरा म्हणाला, आज कळेलच. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, त्यालाही ते अवघड जात होतं. भुंग्याला खाली फिरवून आणलं, त्याच्या पुढ्यात चघळायची दोरी ठेवली, आणि मी कडी लावायला वाकले.

"थांब," बाबा म्हणाले. "मी लावतो."

ते गुडघ्यावर बसले. कडी सरकवायला त्यांना वेळ लागला. भुंग्याने गजांमधून त्यांची बोटं चाटली. "येतो रे," ते त्याला म्हणाले, आणि मागे न बघता आमच्या आधी जिना उतरले.

सरांकडचं आवार खरंच मोठं होतं. सावली होती, आंब्याची झाडं होती, दुसरी दोन कुत्री होती. भुंगा तिथे सुखात राहिला असता, हे मला मान्य करावं लागलं. बाबांनी सगळं फिरून पाहिलं, चांगलं आहे म्हणाले, आणि जेवताना त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हलली नाही. त्यांना काय वाढलं होतं ते त्यांना संध्याकाळी सांगता आलं नसतं.

परत आलो तेव्हा जिन्यात कसलाही आवाज येत नव्हता. दुसऱ्या मजल्यावर बाबा पायरीवरच बसले. मला म्हणाले, तू बघ जाऊन. मी किल्ली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. उघडायचं काम त्यांचं होतं.

ते पुढे गेले, आम्ही मागे. किल्ली फिरली तशी आतून शेपटी लाकडावर आपटायला लागली. भुंगा खोलीत होता, दोरी तोंडात, झोपेने एक कान मुडपलेला. खाली घातलेली चादर चुरगळलेली आणि कोरडी ठणठणीत. नवऱ्याने वाकून ती हाताने चाचपली, दोनदा, पेपर तपासल्यासारखी.

बाबांनी कडी काढली, त्याला उचललं आणि ते भराभरा जिने उतरले. मी चप्पल न घालता मागे धावले. खाली झाडापाशी भुंग्याने पाय टेकले आणि तो जो सुरू झाला तो थांबेचना. बाबा पट्टा धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. वरून गॅलरीतून नवरा फोनवर बोलताना ऐकू येत होता. सर, राहू द्या, तो म्हणत होता, इथेच राहील तो.

"तीन तास थांबला गं," बाबा म्हणाले. "मी येणार म्हणून थांबला. रागावलाही नाही."

"त्याही नव्हत्या रागावल्या, बाबा," मी म्हटलं.

भुंग्याचं झालं होतं, तो पट्टा ओढायला लागला, आणि बाबा त्याच्या मागून चालायला लागले.