सिंहाच्या तोंडात डावा हात

लॅम्बेथमधल्या टॅम्सिन क्विलच्या छापखान्यात सकाळपासून सिंह रंगत होते. लांब टेबलाभोवती बायका बसल्या होत्या. एक फक्त पिवळा लावी, दुसरी फक्त निळा आणि थोरली डॉर्कस तांबडा. केरो नावाच्या सिंहवाल्याने अख्ख्या लंडनला वेड लावलं होतं. सिंहाच्या जबड्यात हात घातलेलं त्याचं चित्र हातोहात खपत होतं. खाली टॅम्सिनने झोकात कोरलं होतं, 'प्रत्यक्ष पाहून काढलेले'. सिंह बाईने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

दुपारी साक्षात केरोच दारात उभा राहिला. चित्रातल्यापेक्षा बराच बुटका, आणि चांगलाच टरकलेला.

"बाई, हे चित्र तुमचं?"

"आमचंच. आवडलं ना?"

"अहो, मी सिंहाच्या तोंडात उजवा हात घालतो! तुम्ही डावा घातलात. काल नाटकगृहाच्या गॅलरीतले लोक ही चित्रं नाचवत बोंबलत होते, डावा घाल, घाबरटा, डावा!"

"मग घालायचा की," डॉर्कस म्हणाली. "हात तो हातच."

"आजी, सिंहाची त्या बाजूची दाढ किडलीय! डावा हात नेमका तिच्यावर जातो, दुखली की तो चावणारच. काल पोटात दुखतंय म्हणून सुटलो. आज मालक म्हणतोय, लोक मागतील ते दे, नाहीतर चालता हो."

चूक कुठे झाली ते टॅम्सिनला लगेच कळलं. तांब्याच्या पत्र्यावर जसं कोरावं त्याच्या उलट कागदावर उमटतं, म्हणून कोरणारा चित्र आधी उलटं करून घेतो. घाईने दुसऱ्याचं ढापणारा मात्र ते तसंच पत्र्यावर गिरवतो, आणि चित्रातले उजवे सगळे डावखुरे होतात. तिने पलीकडच्या गल्लीतल्या बॅगशॉचं चित्र असंच उचललं होतं. आणि बॅगशॉ हा चोर आहे असं ती गुत्त्यात टेबल बडवून वर्षानुवर्षं सांगत आली होती.

"बघते काहीतरी," ती पुटपुटली.

केरोने निरोप घेताना डावा हात पुढे केला. तो तिच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला. गरम होता.

"चूक झाली म्हणून सांगून टाका," तो गेल्यावर डॉर्कस म्हणाली.

"म्हणजे त्या बॅगशॉपुढे नाक घासू? मेले तरी नाही!"

संध्याकाळी मात्र ती गॅलरीत जाऊन बसली. पुढच्याच बाकावर बॅगशॉ संत्रं सोलत होता. पिंजरा उघडला, केरो आत शिरला, आणि चारही बाजूंनी चित्रं फडकली. "डावा! डावा!" केरोने एकदा वर पाहिलं आणि डावी बाही मागे सारली. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

टॅम्सिन बाकावर चढली.

"थांबा! ते चित्र चोरीचं आहे! मी चोरलंय, ह्या बॅगशॉचं! आणि उलटं करून घ्यायला विसरले! उजवाच हात खरा आहे, मेल्यांनो, उजवाच!"

बॅगशॉने मान वळवली. त्याचा चेहरा असा फुलला की जणू त्याचं लग्न ठरलं. मग गॅलरी खदाखदा हसत सुटली. "चोरटी! चोरटी!" संत्र्याच्या साली तिच्या टोपीवर, खांद्यावर येऊन आदळू लागल्या. कुणीतरी ओरडलं, "घाल बाबा उजवा, बाईची हौस फिटू दे!"

लाजेने तिचे कान तापले. पिंजऱ्याकडे पाहण्याची हिंमत होईना. तिने दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकले.

नाटकगृह गरजलं. आनंदाने की भीतीने, तिला कळेना. खूप वेळाने तिने बोटांची फट केली. केरो लाळेने निथळणारा उजवा हात उंच धरून उभा होता.

तिने त्याची बोटं मोजली. पाच होती. ती बाकावर बसून हमसून हमसून रडली, आणि साली पडतच राहिल्या.