उलट्या नळ्यांचं हृदय

मित्रांनो, मी एक जुनं हृदय आहे. घाबरू नका, प्लास्टरचं आहे. उंची दीड वीत, वजन एका मध्यम कलिंगडाएवढं आणि मुक्काम शाळेच्या प्रयोगशाळेत, बेडकाच्या बरणीशेजारी. मी आयुष्यात एकदाही धडधडलेलो नाही. तरी सगळे मला हृदयच म्हणतात, आणि मीही कधी हरकत घेतली नाही.

माझा जन्म एका साच्यात झाला. रंगवणाऱ्या बाईंनी माझी उजवी बाजू निळी केली, डावी लाल केली आणि वर दोन जाड नळ्या बसवल्या. कामाच्या नादात त्या माझ्याशी बोलायच्या. "शरीरभर फिरून दमलेलं रक्त तुझ्या उजवीकडे येणार. ते तू या निळ्या नळीतून फुफ्फुसांकडे धाडायचं. तिथे ते प्राणवायू घेऊन ताजंतवानं होतं आणि तुझ्या डावीकडे येतं. मग डाव्या निलयानं, म्हणजे खालच्या या जाड भिंतीच्या कप्प्यानं, जोर लावून ते लाल नळीत ढकलायचं. ही महाधमनी. हिच्यातून ते डोक्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत जातं. कळलं का रे?"

मला कळलं होतं. त्या काळी मला सगळंच कळायचं.

शाळेत माझी देखभाल मामांकडे आली. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस. ते साऱ्या शाळेचे मामा होते. हेडमास्तर त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, तरी तेही भाचेच. एके दिवशी कपाट पुसताना मी मामांच्या हातून निसटलो आणि माझ्या दोन्ही नळ्या मुळापासून तुटल्या. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गोंद आणला. माझ्या खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, 'महाधमनी डाव्या निलयातून निघते.' मामा माणूस काटेकोर. त्यांनी मला समोर ठेवलं, आपला डावा हात वर करून डावी बाजू कोणती याची खात्री करून घेतली आणि त्या बाजूला महाधमनी पक्की चिकटवली.

मित्रांनो, मी मामांच्या समोर होतो. त्यांची डावी ती माझी उजवी. मी सांगणार होतो, पण हृदयाला बोलता येत नाही, फक्त आत्मवृत्त लिहिता येतं.

निळ्या कप्प्यातून लाल नळी निघालेली मामांनाही खटकली. म्हणून त्यांनी सांध्यावर जांभळा रंग फासला.

तेव्हापासून अकरा वर्षं मी गोंधळात काढली. शरीराकडून आलेलं दमलेलं रक्त उजवीकडे येणार, ते महाधमनीतून पुन्हा शरीरातच जाणार. ते ताजं कुठे होणार? फुफ्फुसांतलं ताजं रक्त डावीकडे येणार, ते परत फुफ्फुसांतच. मग ते ताजं होऊन उपयोग काय? मी दिवसभर हा हिशोब लावत बसायचो आणि संध्याकाळी बेडकाकडे बघायचो. त्यालाही काही सुचत नसे. तपासणीला आलेल्या साहेबांनी मात्र मला उचलून "वा, काय जिवंत रंगकाम!" म्हटलं, आणि मामांनी ते आठवडाभर सगळ्यांना सांगितलं. एका मुलीने "सर, हे उलटं आहे" असं म्हटलं, तेव्हा तिला उत्तर मिळालं, "मॉडेल चुकेल की तू?"

मग मामांना जिना चढताना धाप लागू लागली. एकदा तर चालता चालता घेरी येऊन ते कोसळले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मामांच्या डाव्या निलयातून महाधमनीत जाताना जी झडप असते, ती अरुंद झाली होती. बोटभर दारातून अख्खी वरात काढायची, तसं हृदय रोज झुंजत होतं. झडप लवकर बदलली नाही, तर जिवाशी गाठ होती. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं.

आणि तिथेच घोडं अडलं. चित्रातली महाधमनी माझ्यापेक्षा उलट्या बाजूने निघत होती.

"यांना डावं-उजवं कळत नाही," घरी मामांनी मामींना ठणकावलं, "आणि यांच्याकडून मी छाती उघडून घेऊ?"

पुढच्या खेपेला ते मला पिशवीत घालून घेऊन गेले. पुरावा म्हणून.

"अहो, तुम्ही शाळेत धूळ पुसता, ऑपरेशनं नाही करत," मामी वाटभर म्हणत होत्या.

"रोज हृदय हाताळतो मी! या बाई हाताळतात का रोज?"

"दिवसाला दोन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण तोवर दोघे आत पोचले होते.

बाईंनी मला हातात घेतलं. माझ्या कप्प्यांवरून बोट फिरवलं. थांबल्या. पुन्हा फिरवलं.

"मामा, यात शरीरातलं रक्त शरीरातच फिरतंय आणि फुफ्फुसांतलं फुफ्फुसांतच."

"म्हणजे सासरचे सासरी, माहेरचे माहेरी," मामी म्हणाल्या. "गाठभेट नाहीच."

"हे माणसाचं हृदय नाही, मामा."

"मग कुणाचं?"

"कुणाचंच नाही. याच्यावर कुणी जगणार नाही."

अकरा वर्षं मला वाटत होतं की मी गोंधळलेला आहे. मी मेलेला आहे हे मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी मला मामांच्या छातीवर टेकवलं, पाठ आत आणि पुढची बाजू बाहेर. "तुमच्या छातीत ते असं बसतं. आता डावा हात वर करा."

मामांनी हात वर केला. महाधमनी दुसऱ्याच बाजूला होती. त्यांनी हात खाली घेतला, पुन्हा वर केला. फरक पडला नाही.

"अकरा वर्षं," ते पुटपुटले. "अहो, किती पोरं हे बघून शिकून गेली..." मग एकदम दचकून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुमची शाळा कोणती?"

बाईंनी सांगितली. दूरची होती.

"नक्की? आमच्याकडे कधीच नव्हतात?"

"कधीच नाही."

मामांनी मोठा श्वास सोडला. "मग द्या तो ऑपरेशनच्या संमतीचा कागद. सही करतो."

तीन महिन्यांनी मामा परत आले, नवी झडप घेऊन. त्यांनी माझ्या नळ्या उपटल्या, योग्य जागी बसवल्या आणि वर्गावर्गांत जाऊन आपली चूक स्वतः सांगितली. जुन्या विद्यार्थ्यांना पत्रंही धाडली. काहींची उत्तरं आली. त्यांना मी आठवतच नव्हतो.

आता माझ्यातून रक्त बरोबर वाहील. रक्त नाही, ती गोष्ट वेगळी.

तर मित्रांनो, छातीतल्या हृदयाला जपा. ते बिचारं तुम्ही झोपलात तरी थांबत नाही, आणि तक्रारही धाप लावूनच करतं. ती ऐकू आली, तर वेळेत डॉक्टरांकडे जा. मला बरोबर नेण्याची गरज नाही.