काळं तेल प्यालेली मोट

मी मोट बोलतेय, अणदूरच्या धुळाप्पाच्या विहिरीवरची. पहिल्यांदा चुकलं ते वासाचं. आज सकाळी धुळाप्पाच्या मुलानं, सिदूनं, मला गोठ्याच्या आढ्यावरून खाली काढलं, अंगावर ओलं फडकं फिरवलं, आणि मी दचकले. हा करंजीच्या तेलाचा वास नव्हता. उग्र, जळका, विहिरीवरच्या इंजिनाच्या धुरासारखा वास होता.

मी मुळातच भित्री. एवढी थोरली चामड्याची वस्तू, तोंडाला लोखंडी कडं, तरी भित्रीच. आमचा जन्म अंधारात उतरण्यासाठी. खाली जायचं, पोटभर पाणी घ्यायचं, बैलांनी ओढलं की वर येऊन काठावरच्या थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडात ओतायचं, की पुन्हा खाली. दर खेपेला वाटायचं, आज टाका तुटला तर?

ही भीती कल्याणप्पानं थोडी कमी केली होती. त्यानंच मला शिवलं. बाभळीच्या सालीत मुरवलेलं कातडं, त्याला चामड्याच्या वादीचे दुहेरी टाके. शिवून झाल्यावरही त्यानं मला लगेच सोडलं नाही. उन्हात पसरून कोमट करंजीचं तेल आतून-बाहेरून चोळलं, चामडं आणखी पिईना तेव्हाच थांबला. प्रत्येक टाक्यात मेण आणि राळ वितळवून भरली. मग पाणी भरून टांगलं, शिवणीवर कोरडी राख फासली आणि राख कुठं भिजते का ते बघत उकिडवा बसून राहिला. राख कोरडीच राहिली. जाताना मला थोपटून म्हणाला, "भ्यायचं न्हाय. जवर करंजी पाजत्याल तवर तुला मरण न्हाय."

पाजायचे हो. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग आणि मला तेल, हे धुळाप्पाचं ठरलेलं. पण इंजिन आलं आणि मी आढ्याला गेले. पहिल्या पोळ्याला वाट पाहिली. दुसऱ्याला पाहिली नाही. अंग कडक होत गेलं, दुमडीवर भेगा पडल्या, वरून उंदीर गेला तरी जीव गोळा व्हायचा. माणसांना वस्तूची भूक दिसत नाही. काम पडलं की तेवढी वस्तू दिसते.

आज काम पडलं. इंजिन धडधडतंय, पण पाणी येईना. पाइपाचं तोंड गाळात रुतलेलं. पाणी शेवटच्या पायरीच्याही पार खाली गेलेलं. म्हणून सिदूनं मोटेत बसून उतरायचं ठरवलं, आणि इंजिनातून काढलेलं काळं तेल घेऊन मला चोळायला बसला.

त्याची बायको हरणा म्हणाली, "अवो, हिला करंजीचं लावत व्हते की."

"तेल ते तेल. लोखंडाचं इंजिन पळतंय ह्याच्यावर, चामड्याला काय धाड भरलीय?"

धुळाप्पा बैल जुंपता जुंपता हसला. "लाव, लाव. आता मोट बी फटफट बोलंल."

मी चमकायला लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, नवीच आहे. पण आत, टाक्यांत, कल्याणप्पानं भरलेलं मेण मऊ पडत होतं, राळ सुटत होती. वादी बुळबुळीत होऊन भोकात सरकत होती. हे मला कळत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं. याच्यापेक्षा मोठी भीती असते का?

सिदू पाय आत सोडून बसला. हरणा काठावर वाकली. "घट धरा हं."

"मोट हाय की गं. कशाला भ्यायचं?"

उतरताना मी श्वास धरला. खाली पोचलो. सिदू गुडघाभर पाण्यात उतरून गाळ उपसायला लागला. मी गाळ घेऊन वर जाऊ लागले. आधी निभलं. मग एका खेपेला कड्याखालची शिवण ठिबकली. हरणानं तिथं बोट लावलं. बोटाला काळं मेण आलं, लोण्यासारखं.

"मामा, हिच्या शिवणी सुटाय लागल्यात. ह्यांला हिच्यात बसवू नका," ती सासऱ्याला म्हणाली.

"अगं, म्हातारी मोट, जरा गळायचीच," धुळाप्पा बैल मागं सारत म्हणाला. "गळतीनं पाणी पडतं, माणूस न्हाय पडत."

मी खाली निघाले. हरणा वरून ओरडली, "अवो, बसू नका! दुसरा दोर टाकते!"

सिदू आत चढलासुद्धा होता. "वर येऊन भांडतो तुझ्याशी. वडा!"

बैल पुढं सरले. मला बांधलेला जाड दोर, नाडा, ताठला. मी कण्हले, जेवढं कण्हता येतं तेवढं. चामड्याला दुसरी भाषा नाही. सिदूनं वर पाहिलं. पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत भीती दिसली, माझ्यासारखीच. एक टाका सुटला. शेजारचं चामडं, इतके दिवस तहानलेलं, कागदासारखं फाटत गेलं. त्यानं कड्याला हात घातला. कडंही तेलानं माखलेलं होतं.

मी एकदम हलकी झाले.

आधी दगडाचा आवाज आला. मग पाण्याचा.

ओझं गेलं तसे बैल उधळले आणि मी भेलकांडत वर नाड्याच्या चाकावर आदळले. आत्ता तिथंच लोंबकळतेय. अर्धी कड्याला, अर्धी वाऱ्यावर. धुळाप्पा बैलांच्या कासऱ्याला लटकलाय. हरणा काठावर पालथी पडून हाका मारतेय.

"अवो! ओ द्या की!"

विहीर तिचीच हाक तिला परत देतेय.

माझं आता काही होणार नाही. कल्याणप्पा आला तरी हे चामडं टाका धरणार नाही. कापा मला, वहाणांचे तळ करा, वाद्या काढा. पण देवा, ज्याच्या जिवावर मी उठले, त्याला एवढ्यात नेऊ नकोस. आणि कुणाच्या घरी माझी एखादी बहीण आढ्याला असेल, तर तिला ते काळं पाजू नका हो.

"अवो! म्या हाय हितं! बोला की वो!"

हरणे, थांबू नकोस. तुझ्या आवाजावर मीही टांगून आहे.

तिचा घसा बसला. तिनं पुन्हा हाक मारली, आता नुसत्या श्वासानंच.

खाली पाणी हललं. कुणीतरी खोकलं. मग बारीक, कापरा, पण त्याचाच आवाज वर आला.

"हरणे... कपारीला धरून हाय. मोट नको गं. नुसता नाडा सोड."