उसनी वाक्यं

अंजलीच्या तोंडात स्वतःचं असं एकही वाक्य नव्हतं. होती ती सगळी उसनी. पोटात कावळे ओरडायला लागले की ही एकोणीस वर्षांची पोरगी बापाची बाही धरून म्हणायची, "तुला भूक लागली?" भुकेच्या वेळी लहानपणापासून तिला हेच ऐकू आलेलं, म्हणून तिच्या लेखी भुकेचं वाक्य हेच. नवख्या माणसाला वाटायचं, काय गुणाची पोर, बापाच्या जेवणाची केवढी काळजी! पुंजाराम पगारे तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे. तिचं ताट वाढायचा.

तिच्याकडे माणसांना नावंही नव्हती. माणूस म्हणजे त्याचं वाक्य. शेजारच्या झुंबरबाई दारात आल्या की अंजली म्हणे, "लय गुडघं दुखत्यात." म्हणजे झुंबरबाई आल्या. आणि सरिता, तिची आई, म्हणजे "मी आले गं, दार उघड." सरिता शाळेत शिकवायची आणि घरी येताना जिन्यातूनच हे ओरडायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी रोज संध्याकाळी सहाला अंजली दाराशी उभी राहून हुबेहूब सरिताच्या आवाजात म्हणायची, "मी आले गं, दार उघड." तेवढा वेळ पुंजाराम मोरीतला नळ सोडून ठेवायचा. पाण्याच्या आवाजात बाकीचं कमी ऐकू येतं.

त्याचं स्वतःचं मात्र एकही वाक्य तिच्याकडे नव्हतं. भाजीवाल्याचं होतं, बसच्या कंडक्टरचं होतं, बापाचं नव्हतं. आता यात दोष कोणाचा? बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, आणि पुंजाराम तर पाटबंधारे खात्यातला साधा कारकून, त्याच्याकडे सोनं तरी कुठलं. सरिता होती तोवर त्याच्या वाट्याचंही तीच बोलायची. डॉक्टरांनी अंजलीला स्वमग्न म्हटलं होतं. खरं तर तो शब्द बापालाच जास्त शोभला असता. अंजलीच्या केंद्रातल्या मंजुषा मॅडमनी सुचवलं म्हणून सहा महिने तो रोज तिच्यासमोर बसून पाढे घोकावेत तसं घोकत होता, "बाबा आला. अंजली, बाबा आला." ती त्याच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहायची. शेवटी मॅडमच म्हणाल्या की शिकवलेलं तिच्याकडे टिकत नाही, उगाच जिवाला लावून घेऊ नका. पण ते जिवाला लागलंच होतं. आपण घरात आलो काय आणि गेलो काय, या पोरीला कळतं का, एवढंच त्याला एकदा समजायला हवं होतं. दुसरं विचारायला घरात कोणी नव्हतं.

ऑटिझम असलेल्या मुलांच्या त्या केंद्राला स्वतःची जागा घ्यायची होती. मॅडमनी पालकांच्या बैठकीत विचारलं, त्र्यंबक रस्त्यावर मॅरेथॉन आहे, केंद्राच्या मदतीसाठी कोणी पळेल का? पळणाऱ्याने ओळखीपाळखीच्यांकडून देणगी मिळवायची. सगळे मूग गिळून बसले आणि पुंजारामचा हात वर गेला. बहुधा बोलावं न लागणारं ते एकच काम होतं. देणगीचा कागदही त्याने ऑफिसातल्या टेबलावर ठेवला आणि स्वतः चहाला निघून गेला. पळता कशाला, तसेच मागा की, असा सल्ला एकाने दिला. पण सगळ्यांनी सह्या केल्या. झुंबरबाईंनी चोपन्नाव्या वर्षी हा काय चळ लागला म्हणून त्याची यथेच्छ चेष्टा केली, आणि तो पळायला जाईल तेव्हा अंजलीजवळ बसायचंही कबूल केलं.

वर्षभर तो रोज संध्याकाळी सातला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पळत राहिला. तिथे सगळे जोडीने नाहीतर घोळक्याने, हा एकटा. घरी आला की उंबऱ्यावर बसायचा आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता भिंतीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायचा, "दमलो बुवा." झुंबरबाई तोवर स्वयंपाकाला पळालेल्या असायच्या. अंजली गॅलरीच्या दारात पाठ करून कपड्यांचे चिमटे एका ओळीत लावत बसलेली असायची. उत्तर कोण देणार?

जानेवारीतल्या एका रविवारी, नीट उजाडायच्या आत, पाचशे-सहाशे माणसं नाशिकहून अंजनेरीच्या दिशेने पळत सुटली. तिथून वळसा घालून परत यायचं, एकूण बेचाळीस किलोमीटर. जाताना सोबत होती, गलका होता. परतताना ऊन चढलं, माणसं विरळ झाली, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर पुढेही कोणी दिसेना, मागेही कोणी दिसेना. पायात गोळे आले. रस्त्याकडेला उभे असलेले लोक आपापल्या माणसांना नावाने हाक मारत होते. पुंजारामला कोणी हाक मारली नाही. देणगी तर जमली आहे, त्याच्या मनात आलं, इथेच बसलो तर कोण विचारणार? पण त्याने झुंबरबाईंना गळ घातली होती की अंजलीला रिक्षाने शेवटच्या रेषेपाशी घेऊन या. आपण येताना तिने एकदा पाहावं. तेवढ्यासाठी तो चालत, फरफटत, मधूनच पळत पुढे निघाला.

तो पोहोचला तेव्हा मांडवाचे बांबू सोडायला घेतले होते. अंजली कठड्याशी उभी राहून पाण्याचे रिकामे पेले रांगेत लावत होती. तिने वर पाहिलं नाही. पाहणार नाही हे त्याला मनातून ठाऊकच होतं, तरी त्याला वाईट वाटलं. तो फूटपाथवर बसला. कोणीतरी गळ्यात पदक घातलं. नाडी सोडायला गेला तर बोटं वळेनात, आणि घशातून आवाज फुटेना.

अंजलीची नजर पेल्यांवरून त्याच्या बुटांवर आली आणि तिथेच थांबली.

"दमलो बुवा," ती म्हणाली.

खालच्या पट्टीत, शेवटी श्वास सोडून. अगदी त्याच्यासारखं.

पदक देणारी मुलगी हसली. "अगं, मुलगी ना तू? दमले म्हणायचं." मग ती पुंजारामला म्हणाली, "काका, ही दमलीय. खुर्ची देऊ का तिला?"

"सकाळधरनं हुबीच हाय ती," झुंबरबाईंनीही दुजोरा दिला.

पुंजारामने मान हलवली. "तिला दुरुस्त करू नका. बरोबर बोलली ती. ती नाही दमली. मी दमलोय."

आणि चोपन्न वर्षांचा तो कारकून भर रस्त्यात हमसून हमसून रडला. तीन वर्षांत तो दमल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जिच्या आलं होतं, ती वर्षभर पाठ करून चिमटे लावत बसली होती. पदक देणाऱ्या मुलीने घाईने खुर्ची आणली आणि नेमकी कोणाला द्यावी ते न कळून मध्येच ठेवली.

संध्याकाळी सहाला अंजली दाराशी उभी राहिली. "मी आले गं, दार उघड."

त्या दिवशी पुंजारामने नळ सोडला नाही. भिंतीला धरून लंगडत तो दारापर्यंत गेला आणि त्याने दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. दोघं थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग अंजली त्याच्या पायांकडे पाहून म्हणाली, "दमलो बुवा," आणि त्याने दार लावून घेतलं.