वहिनींचा निळा कोट आणि कपाटाचा वरचा कप्पा

वाचकहो, माणसाने आपल्यासाठी कपड्यांचा एक नेटका संच कसा उभा करावा आणि तो उभा करताना माझ्यासारख्या जुन्या कारागिराच्या हातून केवढी मोठी चूक घडली, हे मी प्रस्तुत कथेत यथाशक्ती निवेदन करणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु सव्वीस वर्षे मी एका जिन्याखालच्या अरुंद खोलीत बसून लोकांचे कपडे उसवतो आणि पुन्हा शिवतो. नवे शिवणारे शिंपी पुष्कळ आहेत, मी केवळ दुरुस्ती करतो. सबब, जे लिहितो ते पुस्तकात वाचून नव्हे, कपड्याची उलटी बाजू पाहून लिहितो.

माझ्या वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांच्या खोल्या आवरण्याचे, चादरी-टॉवेल बदलण्याचे काम एकोणीस वर्षे करीत होत्या. सर्व खोल्यांची देखरेख करणाऱ्या प्रमुखाची जागा त्या काळात दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा ती दुसऱ्याला मिळाली. दुसऱ्या वेळी मॅनेजरांनी त्यांना कारण सांगितले, ते त्यांच्या काळजात रुतून बसले होते. मॅनेजर म्हणाले होते, "बाई, तुमच्या कामात बोट ठेवायला जागा नाही. पण पाहुणा तुमच्या शेजारून निघून जातो आणि दुसऱ्याला विचारतो. प्रमुख तो, ज्याच्याकडे पाहुणा आपण होऊन वळतो."

आता ती जागा तिसऱ्यांदा रिकामी झाली होती. उमेदवार दोन होते. एक वहिनी आणि दुसऱ्या, बाहेरच्या हॉटेलातून आलेल्या एक बाई. दोघींनी पाच दिवस प्रमुखाचे काम करून दाखवायचे आणि शेवटी मालकांनी निवड करायची, असे ठरले. प्रमुखाला गणवेश नसतो, त्याने स्वतःचे कपडे घालायचे असतात. वहिनींचे वय बावन्न. ही संधी हुकली तर चौथी येणार नव्हती.

त्या माझ्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"भावोजी, मला माणसांत आणा."

"म्हणजे आत्ता कुठं आहात?"

"चेष्टा नको. एकोणीस वर्षं राखाडी गणवेश घातलाय. माझे स्वतःचे कपडे कसे दिसतात, हे मलाच ठाऊक नाही."

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो आणि कपाट पलंगावर रिकामे केले. एकसष्ट कपडे निघाले. पिवळे, पोपटी, फुलाफुलांचे, चकचकीत. एक शर्ट तर असा, की डोळे किलकिले करून पाहावा लागला.

"वहिनी, हा कधी घातलात?"

"घातला नाही. बारीक झाल्यावर घालणार होते."

दारात उभा असलेला दादा हसला. माझा हा थोरला बंधू दुकानांना माल पोचवणारी गाडी चालवतो आणि घरात स्वतःला मोठा विनोदी समजतो. "त्या शर्टाची वाट बघून बघून शर्टच म्हातारा झाला," तो म्हणाला.

"तुम्ही आधी स्वतःच्या पोटाकडं बघा हो," वहिनी म्हणाल्या.

मला मात्र त्या ढिगाचे मर्म उमगले. जो मनुष्य रोज एकच रंग अंगावर वागवतो, तो सुटीच्या दिवसासाठी नुसते रंगच विकत घेतो. कामाचा कपडा कामावर मिळतो, मग घरी कामाचा कपडा कशाला? त्यामुळे वहिनींजवळ एकसष्ट कपडे होते, परंतु एकमेकांशी बोलणारे फार थोडे होते.

माझी रीत अशी आहे. प्रत्येक कपडा हातात घ्यावा आणि त्याला विचारावे, तू आज मला बसतोस काय? उद्या नव्हे, आज. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी. बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी. बटण लावून खाली बसल्यावर दोन बटणांमध्ये कापड तोंड उघडू लागले, तर तो कपडा दुसऱ्या कुणाचा तरी आहे असे समजावे. यानंतर दुसरा प्रश्न: तुझी मैत्री इतर किती जणांशी आहे? ज्या शर्टाखाली एकच पॅन्ट चालते तो शर्ट एकलकोंडा होय. या दोन प्रश्नांतून जे तरतात, त्यांचे रंग तीनपेक्षा अधिक नसावेत. त्यांपैकी एक गडद, एक फिकट आणि एक, जो चेहऱ्याजवळ धरला असता चेहरा झोपेतून उठल्यासारखा दिसतो, तो. वहिनींच्या बाबतीत तो विटेसारखा लालसर रंग निघाला. त्यांना तो ठाऊकच नव्हता. त्या रंगाचा शर्ट ढिगाच्या अगदी तळाशी पडला होता.

दुपारपर्यंत सात कपडे उरले. दोन पॅन्ट, चार शर्ट आणि एक गळ्याशी बांधायचा रुमाल. बाकीचे पाहून वहिनींचा चेहरा पडला.

"एवढं सगळं काढून टाकायचं?"

"काढून टाकायचं नाही. सुटीला घाला की. फक्त सोमवारी सकाळी ते समोर दिसायला नकोत. घाईत हात तिकडंच जातो."

उणीव राहिली ती एका कोटाची. कोट हा संचाचा कर्ता पुरुष असतो, बाकीचे त्याच्या आधाराने उभे राहतात. आणि त्या घरात एक उत्तम कोट होता. गडद निळा, भारी लोकरीचा, दादाचा. गेली बारा वर्षे दादाला तो बसत नव्हता.

"हात लावायचा नाही," दादा म्हणाला. "पुढच्या वर्षी बसणार आहे मला."

"हे तू मागच्या वर्षीही म्हणालास."

"मागच्या वर्षी मनापासून म्हणालो नव्हतो."

 वहिनी फिकट शर्टाच्या घड्या घालीत राहिल्या. दादाने त्यांच्याकडे एकदा पाहिले, कोट खुंटीवरून काढला आणि माझ्या अंगावर टाकला. "ने. पण बटणं मला परत दे."

मी तो कोट पूर्ण उसवला. अस्तर, कॉलर, बाह्या, सर्व सुटे केले आणि वहिनींच्या मापाने पुन्हा बेतले. तेरा दिवस लागले. ज्या शनिवारनंतरच्या सोमवारी परीक्षा सुरू व्हायची होती, त्या शनिवारी सकाळी वहिनी आरशासमोर उभ्या राहिल्या. हात सरळ खाली, मान ताठ. वाचकहो, आत्मस्तुतीचा दोष पत्करून सांगतो, पाठीवर एक सुरकुती नव्हती. दादाने शीळ घातली.

"अगं, तू मला ओरडायला आल्यासारखी दिसतेस!"

"ते मी कोटाशिवायही करते," वहिनी म्हणाल्या आणि हसत हसत मागे वळल्या. वळता वळता, एकोणीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी उजवा हात उंच केला आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात मागपर्यंत बोटे फिरवली. मागच्या पाहुण्याचे काही राहिले आहे काय, हे पाहण्यासाठी त्या हॉटेलात रोज हेच करीत.

टर्र असा आवाज झाला.

बगलेखालची शिवण वीतभर फाटली होती. शिवणीशेजारचे कापडही गेले होते. वहिनी हात तसाच वर धरून उभ्या राहिल्या, जणू खाली आणला तर आणखी काही फाटेल. मी फाटलेली जागा बोटांनी चाचपली. चूक शिवणीची नव्हती. सव्वीस वर्षे मी कपडे आरशासमोर ताठ उभ्या राहिलेल्या माणसावर बसवीत आलो होतो. या बाईचे काम वाकण्याचे, ताणण्याचे आणि उंच हात करण्याचे आहे, हे मी एकदाही विचारात घेतले नव्हते. मी त्यांना पुतळा समजून मापले होते.

"राहू दे, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "मी शर्टावर जाईन. हात मात्र मी खाली ठेवणार नाही. ते मला जमायचं नाही."

"खाली ठेवूच नका," मी म्हणालो. "कोटच बदलतो. बगलेत चौकोनी तुकडा घातला की हात मोकळा होईल. पण हेच कापड हवं, आणि ते संपलंय."

दादा आतल्या खोलीत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा कमरेला टॉवेल होता आणि हातात निळी पॅन्ट होती. त्याच कोटाची जोडीदार. कमरेला दोनदा वाढवलेली ती पॅन्ट तो कामावर रोज घालीत असे.

"अहो!" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही काय घालणार?"

"तुझा तो चकचकीत शर्ट कमरेला गुंडाळतो. घे रे, काप. आणि आता पुढच्या वर्षीचं नाव कुणी काढू नका."

मी तिथेच, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, कापले. या वेळी वहिनींना आरशासमोर उभे केले नाही. त्यांना पलंगावर चादर घालायला लावली, गादीचे चार कोपरे दाबायला लावले, खाली वाकून पलंगाखाली पाहायला लावले, कपाटाच्या वर हात घालायला लावला. प्रत्येक हालचालीत कापड कुठे ओढते ते पाहून टाचणी लावली. पाठीतही दोन बोटे सैल सोडली. दुपारी कोट पुन्हा उभा राहिला. आरशात तो पूर्वीपेक्षा किंचित कमी ताठ दिसत होता. कामात मात्र तो त्यांच्या अंगाचाच झाला होता.

पहिले चार दिवस मी हॉटेलाकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दुरुस्त केलेल्या गणवेशांची गठडी घेऊन मी स्वतः गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात मालक, मॅनेजर आणि दोन्ही उमेदवार उभे होते. त्या दुसऱ्या बाईंचा सूट पांढराशुभ्र, काटेकोर आणि अप्रतिम शिवलेला होता. खरे सांगतो, माझी नजर त्यात दोष शोधू लागली आणि एकही सापडला नाही.

इतक्यात एका खोलीतून एक वृद्ध गृहस्थ घाबरेघुबरे बाहेर आले. आज त्यांना निघायचे होते आणि पत्नीच्या औषधांची डबी सापडत नव्हती. ते मालकांजवळून पुढे गेले. मॅनेजरांजवळून पुढे गेले. पांढऱ्या सुटाकडे त्यांनी क्षणभर पाहिले. आणि ते वहिनींसमोर येऊन थांबले.

"इथल्या प्रमुख तुम्हीच ना?"

 वहिनींनी होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

"चला, बघू," त्या म्हणाल्या.

सर्वजण मागोमाग खोलीत गेले. मी गठडीसह दारात उभा राहिलो. दुसऱ्या बाईंनी तत्परतेने फोन उचलला आणि शिडी मागवली, तेही चूक नव्हते. वहिनी मात्र सरळ कपाटाशी गेल्या. निळा हात उंच गेला. कोट वर चढला नाही, पाठ ताणली नाही, एकही टाका कुरकुरला नाही. बोटे वरच्या कप्प्यात मागपर्यंत पोचली आणि डबी घेऊन खाली आली.

"सामान लावताना वर ठेवतात आणि मग मागं सरकते," वहिनी म्हणाल्या. "रोजचंच आहे. ताईंना सांगा, सापडली."

वृद्ध गृहस्थांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. मालकांनी मॅनेजरांकडे पाहून मान डोलावली. मॅनेजर म्हणाले, "मी मागे काय म्हणालो होतो ते आठवतंय का, बाई?"

"रोज आठवतं, साहेब," वहिनी म्हणाल्या.

"मग ते विसरा आता. सोमवारपासून चाव्या तुमच्याकडे."

मी गठडी तिथेच टाकली आणि जिने धावत उतरलो. दादाची गाडी रस्त्यावर उभी होती, कारण तोही, मला न सांगता, आलाच होता. मी दोन्ही हात वर केले. ते पाहून त्याने गाडीचा भोंगा असा दाबून धरला की समोरच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या. थोड्या वेळाने वहिनी स्वतः दारातून बाहेर आल्या. त्यांनीही दोन्ही हात उंच केले, आणि कोट जागच्या जागी राहिला.

तेव्हापासून माझ्या खोलीतला आरसा मी भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. गिऱ्हाईक आले की मी आधी त्याचे काम विचारतो, मग माप घेतो. आपणही नवा कपडा घेताना आरशासमोर उभे राहून समाधान मानू नये. दुकानातच हात वर करावा, वाकावे, बसावे, आपण दिवसभर जे करतो ते करून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

दादाची बटणे मी त्याला परत केली आहेत. तो ती नव्या पॅन्टच्या खिशात बाळगतो.

माझे हे साधे लेखन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार मानतो. तोंडात टाचण्या धरून बोलण्याच्या माझ्या सवयीमुळे लोकांनी मला जे नाव दिले, तेच मी येथे अभिमानाने लिहितो.

आपला नम्र,
टाचणीमास्तर