बुजवलेल्या खिडक्या

अग्निशमन केंद्राच्या गच्चीवरचा जुना भोंगा टेम्पोतून उतरला, तेव्हा मोटर रिवाइंडिंगच्या त्या छोट्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. दुकान नणंद-भावजयीचं. वहिनी तारा गुंडाळायची, नणंद खोलाखोली करायची. नणंदेला प्रश्न फार पडत, म्हणून घरात तिला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत. वहिनीसाठी मात्र ती ठमी.

"सहा वर्षं मुका आहे," केंद्रप्रमुख म्हणाले. "वाजला तर परत चढवू, नाहीतर भंगारात."

मोटर जळली होती आणि बेअरिंगं गंजून बसली होती. वहिनी नवं वाइंडिंग करायला बसली, ठमीने तीन दिवस रॉकेल पाजून बेअरिंगं सोडवली. भोंगा तसा साधा: मोटरच्या दांड्याला दोन्ही टोकांना एकेक पंखा, आणि प्रत्येक पंख्याभोवती खिडक्या पाडलेला लोखंडी पिंजरा. पंखा फिरला की हवा त्या खिडक्यांतून तुटत तुटत बाहेर पडते, तोच त्याचा आवाज. वरच्या पिंजऱ्याला दहा खिडक्या होत्या, खालच्याला आठ. पण खालच्या आठही खिडक्यांवर पत्रे ठोकलेले.

"गंज लपवायला ठोकले असतील," वहिनी म्हणाली.

"गंज लपवणारा कडा कानशीने घासत बसेल का? बघ ना, एकेक पत्रा मापाने कापलाय. मुद्दाम बुजवल्यात."

"गिऱ्हाइकाने वाजव म्हटलंय, तू वाजव. बाकी नसती उठाठेव कशाला?"

पण ठमीला चैन पडेना. केंद्रप्रमुख दोनच वर्षांपूर्वी आलेले, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी बंबाच्या एका निवृत्त चालकाचा पत्ता दिला. ठमी गेली तेव्हा ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. ऐंशी ओलांडलेले, पण नजर तल्लख. मोबाइलवरचा फोटो पाहून खुदकन हसले.

"मीच ठोकलेत ते. चाळीस वर्षं झाली असतील."

"पण का, काका?"

"अगं, शेजारच्या काच कारखान्याचा भोंगा आणि आमचा, दोघांचा आवाज जुळ्या भावांसारखा. आग लागली की आम्ही वाजवायचो आणि तिकडे कारखाना सुटायचा! आम्ही बंब घेऊन निघालोय, तर समोरून चारशे माणसं डबे हलवत घरी. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मॅनेजर भांडायला आला. मग साहेब म्हणाले, आपलाच आवाज बदला. खालच्या बाजूचा जाड आवाज बंद केला. उरला तो बारीक, चिरका. त्याला सुट्टी कोण समजणार?"

तो कारखाना बंद पडूनही पंधरा वर्षं लोटली होती. पत्रे काढायचं कोणाच्या मनातच आलं नाही.

"आता काढूया," ठमी दुकानात शिरता शिरताच म्हणाली.

"आधी आहे तसा वाजवू, मग काढून," वहिनी म्हणाली. "दोन्ही ऐकल्याशिवाय काय ठरवणार?"

चाचणीच्या सकाळी गाडी फिरवून लोकांना आधीच कळवलं. भोंगा गच्चीवर चढला, वहिनी बटणापाशी, केंद्रप्रमुख शेजारी. ठमी स्कूटरवरून ऐकत ऐकत लांब निघाली. पाण्याच्या टाकीपाशी आवाज स्पष्ट आला, बाजाराच्या टोकाला पुसट. पूल ओलांडून ती शेवटच्या घरांपाशी थांबली, तेव्हा काहीच नाही. तिने फोन करून विचारलं, "चालू आहे ना?"

"कान फुटायची वेळ आलीय!" वहिनी ओरडली.

मग भोंगा थांबवून गच्चीवरच रिव्हेट उडवले, आठही पत्रे काढले. ठमी पुलापलीकडेच उभी होती. वहिनीने बटण दाबलं.

काही क्षण गेले आणि फोन वाजला.

"वहिनी, येतोय! पण अर्धाच. तो बारीक सूर इथवर पोचतच नाही. नुसता जाड येतोय, बुजवलेला तो."

केंद्रप्रमुखांनी पुलाच्या दिशेला पाहिलं. "म्हणजे पलीकडच्यांना इतकी वर्षं..." मग ते वहिनीकडे वळून म्हणाले, "पत्रे परत बसवायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी ठमीने चालककाकांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पाण्याची झारी खाली ठेवली.

"त्या बाजूला आग लागली की लोक भोंगा वाजून गेल्यावरही घरातच असायचे," ते म्हणाले. "आम्ही त्यांना आळशी म्हणायचो." मग त्यांनी विचारलं, "पुढची चाचणी कधी?"

"पुढच्या सोमवारी. येताय का गच्चीवर?"

"गच्चीवर नको. मला पुलापलीकडे सोड."